कुनाचं गाव उठलं?

पॅनल बसवायला आलेला पोरगा बोलका होता. मार्चचा शेवट, गच्चीची फरशी पाय ठरू देत नव्हती, आणि हा गडी हातात ड्रिल घेऊन आम्हाला हिशेब समजावत होता. तीन किलोवॅट, सहा पॅनल, अनुदान ७८ हजार, नेट मीटर बसला की दिवसाची जास्तीची युनिटं बाहेर जाणार आणि रात्री परत मिळणार. बाबा त्याच्याकडे, जुन्या खात्यातला माणूस नव्या भरतीच्या पोराकडे बघतो तसे बघत होते. आजी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाटावर बसली होती. हातात काठी, समोर जुन्या लुगड्यावर घातलेल्या गव्हाच्या कुरडया. कावळे हाकलणं हे तिचं दर उन्हाळ्याचं काम. पंचाऐंशी वर्षांच्या बाईला घरात दुसरं कुणी काम करू देत नाही, म्हणून हे ती फार जपून करते. पोरगा म्हणाला, "आजी, हे वाळवण पलीकडं सरकवायला लागंल बरं का. इथंच स्ट्रक्चर येतंय." आजी उठली. लुगड्याची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली, आणि एकही कुरडई न मोडता ते सगळं उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. पोराला बहुतेक वाईट वाटलं. तिला खूश करायला म्हणाला, "आता बघा, फुकट लाईट! डायरेक्ट सूर्याची!"

"फुकाट?" आजी म्हणाली. "मंग कुनाचं गाव उठलं म्हनायचं ह्यापायी?"

पोरगा हसला. "आजी, सूर्याला कुठलं आलंय गाव!" मीही हसले. आजी मात्र हसली नाही, रागावलीही नाही. मेथीची जुडी काय भावानं दिली, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही तेव्हा काठी उचलून ती परत कावळ्यांकडे वळली.

संध्याकाळपर्यंत पॅनल बसले. निळसर काळे, चकचकीत, शेजाऱ्यांनी गच्चीवरून डोकावून बघावे असे. मी मात्र रात्री भाकरी थापताना त्या वाक्यापाशीच अडकले होते. गाव उठणं. पंगत उठते, बाजार उठतो, जत्रा उठते, त्यातलंच हे उठणं. पण पंगत उठली तर दुसरी बसते आणि बाजार पुढच्या सोमवारी परत भरतो. आजी सासरच्या गावाबद्दल बोलताना नेहमी 'गाव उठलं' असंच म्हणते. 'बुडालं' हा शब्द ती वापरत नाही. गाव उठलं आधी, पाणी आलं नंतर, आणि मधल्या काळात ते गाव रिकामं उभं होतं, हे तिनं पाहिलेलं आहे.

तिचं सासर कोयनेच्या खोऱ्यात. लग्न होऊन आली तेव्हा सोळाची असेल. तिच्या तोंडून ऐकलेलं ते गाव माझ्या डोक्यात असं आहे की मी कधी कधी स्वतःच तिथं राहिल्यासारखी बोलून जाते. नाचणी आणि वरीची डोंगरउतारावरची वावरं, राब भाजल्याचा धूर, चार महिने न थांबणारा पाऊस आणि त्यात इरलं पाठीवर घेऊन वाकलेल्या बाया. चुलीवर टांगलेल्या शिंकाळ्यात सुकट, कारण पावसात बाजार नाही. माझे बाबा त्या घरात जन्मले, पण त्यांना त्यातलं काही आठवत नाही. दोन वर्षांचे होते ते, आजीच्या कडेवर. ट्रकमध्ये तिनं जातं घेतलं, देव घेतले, आणि दारातल्या फणसाच्या आठळ्या फडक्यात बांधून घेतल्या. ट्रक थांबला तो सोलापूरच्या बाजूला. काळी भेगाळलेली जमीन, लांबवर एकही डोंगर नाही, आणि पाऊस किती, तर आजीच्या शब्दांत 'आमच्याकडं एका रातीत पडायचा येवडा'. आठळ्या तिनं तीन वर्षं लावून पाहिल्या.

त्या वसाहतीत विजेचा खांब यायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. आजी हे तक्रार म्हणून सांगत नाही. एकूण गोष्टीतला तो भाग तिला विनोदी वाटतो. "धरन विजंचं, आनि आमी चिमनीत," एवढं म्हणून ती तोंडाला पदर लावते.

धरण पुरं झालं १९६४ साली. मागं शिवसागर पसरला. शंभराच्या आसपास गावं त्यात गेली, काही पूर्ण, काही अर्धी. कोयना खरं तर पूर्वेकडे जाणारी, कराडला कृष्णेला भेटणारी नदी. तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला वळवलं, जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला आणून टर्बाइनवर सोडलं, आणि तिथून ते वाशिष्ठीतून समुद्राला. कृष्णा लवादानं ठरवून दिल्याप्रमाणे वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं उलटं पश्चिमेला जातं. शाळेत मी हे भूगोलाच्या पेपरात लिहिलं आहे आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून क्षमता १९६० मेगावॅट. 'महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी' म्हणतात तिला, आणि ते खोटं नाही. ज्या गिरण्या, कारखाने, रेल्वे आणि शेतीपंपांवर आपलं राज्य मोठं झालं, त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. धूर नाही, राख नाही, दर पावसाळ्यात भांडवल आपोआप भरतं. कुणी कागदावर मांडायला बसलं तर याहून स्वच्छ वीज सापडायची नाही. कागदावर फणस नसतात, एवढंच. आणि १९६७ च्या ११ डिसेंबरची पहाट नसते. जे लोक लांब न जाता तिथंच वर सरकून राहिले होते, त्यातल्या आमच्या भाऊबंदांची नवी घरं त्या भूकंपात पडली. जलाशयाच्या भारानं आणि खडकात मुरलेल्या पाण्यानं भूकंप होऊ शकतो, हे शिकवताना जगभरच्या पुस्तकांत आजही कोयनेचं उदाहरण देतात. आजीचं मत वेगळं आहे, ते देवीच्या कोपाशी संबंधित आहे. मी तिच्याशी त्यावर वाद घालत नाही.

बाबा पुढं त्याच विजेत नोकरीला लागले.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता. त्यावर वीज मंडळात चिकटले आणि बदली झाली ती विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात. माझं सगळं लहानपण त्या वसाहतीत गेलं. लोकांना समुद्राची गाज ऐकू आली की बालपण आठवतं, मला बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्याचा आवाज आठवतो. मध्यरात्री अख्खं आकाश फाटल्यासारखी वाफेची गर्जना. पाहुणे अंथरुणात उठून बसायचे, आम्ही कूस बदलायचो. आई अर्धवट झोपेत म्हणायची, "ट्रिप झालं वाटतं. आज लवकर येत नाहीत हे." दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे आणि मग घडी घालायची, ही पद्धत सगळ्या जगात असते असं मला दहावीपर्यंत वाटत होतं. आई खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून आज वारा कुठल्या अंगाचा होता ते सांगायची. राख काळी नसते. मऊ, फिकी, टाल्कम पावडरसारखी असते, आणि पहिल्या पावसात तिचा वास ओल्या सिमेंटसारखा येतो. उन्हाळ्यात राखेच्या तळ्यावरून वावटळ उठली की शाळा मधल्या सुट्टीतच सुटायची. आम्हाला त्याचा आनंद व्हायचा.

आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. म्हणजे तीन वॅगन भरून आल्या तर त्यातली एक निव्वळ मातीची. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला तीन हजार टनांच्या वर कोळसा खातो, आणि बाबांच्या केंद्रात असे अनेक संच. रात्रंदिवस मालगाड्या यायच्या. टिपलर अख्खी वॅगन उचलून उलटी करायचा, जसं आई डबा उपडा करून खालचं पीठ झाडायची. बाबा एकदा मला दाखवायला घेऊन गेले होते, आणि मी घाबरून त्यांच्या पायाला चिकटले होते, हे ते अजून सांगतात. पण खरं सांगायचं तर त्या वसाहतीनंच आम्हाला माणसांत आणलं. पक्कं घर, शाळा, दवाखाना, क्लबच्या पडद्यावरचे सिनेमे, आणि महिन्याच्या एक तारखेला पगार. सोलापूरच्या त्या वसाहतीतून आलेल्या माणसाला हे किती मोठं होतं ते मला आता कळतं. एका युनिटामागं किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे आज मी शाळेत पोरांना शिकवते. शिकवताना फळ्याकडे तोंड असतं ते एका अर्थी बरंच आहे. माझी फी त्याच धुरातून आलेली आहे.

कोळशाबरोबर येणारे दगड बाबा कधी कधी घरी आणायचे. त्यातला एक अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. राखाडी पाटीसारखा चपटा दगड, आणि त्यावर एका लांबट पानाचा ठसा. मधली शीर, बाजूच्या जाळीदार शिरा, सगळं स्वच्छ. कॉलेजात गेल्यावर मला त्याचं नाव कळलं, ग्लोसोप्टेरिस. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं झाड. आजी एकदा महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा तिनं तो दगड उचलून डोळ्यांपाशी नेला. पान कुठलं म्हणून तिला ओळखायचं होतं. तिला झाडपाल्याची फार माहिती. आंब्याचं नाही, ऐनाचं नाही, जांभळाचं तर नाहीच. बाबांनी तिला समजावलं की फार पूर्वी इथं दलदलीचं रान होतं, ते चिखलात-पाण्यात गाडलं गेलं, वर थर साचत गेले, आणि त्याचाच कोळसा झाला. आजीनं पानावरून बोट फिरवलं आणि दगड जागेवर ठेवला.

"म्हंजे ह्ये बी बुडीतच."

बुडीत हा कोयनेकाठच्या माणसाच्या जिभेवरचा शब्द. बुडीत क्षेत्र, बुडीत दर, बुडिताचा सात-बारा. मला त्या वेळी मजा वाटली होती. ऊर्जेचे दोन प्रकार, एक संपणारी आणि एक न संपणारी, असं आमच्या पुस्तकात दोन रकाने करून दिलं होतं. कोळसा डाव्या रकान्यात, धरण उजव्या. आजीनं दोन्ही एकाच रकान्यात टाकले. फरक फक्त मुदतीचा. एक रान कोट्यवधी वर्षांपूर्वी बुडालं आणि त्याला दाखला मागायला कुणी शिल्लक नव्हतं.

१९९९ सालची गोष्ट. मार्च महिना, माझी बारावी. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग झालं. म्हणजे धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत आणायचा आणि शेवटचा खडक सुरुंगानं उडवून पाणी आत घ्यायचं. बाबा त्या दिवशी नुसते फुलले होते. खात्यातला प्रत्येक माणूस फुलला होता. नॉर्वेत करतात तसली गोष्ट आपल्या माणसांनी आपल्या मातीत करून दाखवली होती. त्यांनी रात्री आजीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून आजी काय म्हणाली ते मला नंतर कळलं. तिनं विचारलं होतं, "म्हंजे गावाच्या बुडालाच भोक पाडलं म्हन की." बाबांनी फोन ठेवला आणि जेवायला बसले. पण चेहऱ्यावरचं तेज उतरलं नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर होते, आणि मला तेव्हा बाबा जास्त बरोबर वाटले होते.

तर पॅनल बसल्यावर महिन्याभरानं, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, आम्ही आजीला घेऊन पठारावर गेलो. सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी, आणि पुढं वनकुसवड्याच्या अंगाला. साताऱ्यात इतकी वर्षं राहून तिला कधी नेलंच नव्हतं. वर गेलं की आधी वारा लागतो आणि मग पवनचक्क्या दिसायला लागतात, एक, चार, वीस, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. पठारावरची माणसं त्यांना फॅन म्हणतात. जमिनी कवडीमोलानं गेल्या, असंही तीच माणसं सांगतात, चहाच्या टपरीवर, फार आवाज न चढवता. पावसाळ्यात हे फॅन जोरात असतात. जून ते ऑगस्ट हाच त्यांचा सुगीचा काळ. मे महिन्यात अर्धे उभेच होते, उरलेले सावकाश फिरत होते. प्रत्येक पातं खाली येताना 'हूप' असा आवाज, जसं कुणी लांबवर एका लयीत कपडे आपटतंय. आणि पात्याची सावली. ती माणसाच्या अंगावरून जाते तेव्हा ऊन क्षणभर विझतं. आजीनं पहिल्या खेपेला डोक्यावरचा पदर सावरला, घार गेली असं वाटून.

घारी मात्र तिथं फारशा नव्हत्या. माझा लेक बीएस्सीला आहे. त्यानं मला एका मोठ्या जांभ्या दगडापाशी थांबवलं. दगडावर एक सरडा, बोटभर लांब, मातीच्या रंगाचा, सहज नजरेतून सुटावा असा. मग त्यानं गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी. असा रंग की वाटावं कुणी पैठणीचा तुकडा बाहेर काढून परत आत ठेवला. या सरड्यांना २०१६ मध्ये नवीन शास्त्रीय नाव मिळालं, सारडा सुपर्बा. त्यातला 'सारडा' हा आपलाच मराठी सरडा, हे लेकानं सांगितलं तेव्हा मला उगीच भरून आलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला होता, २०१८ साली तो छापून आला. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानानं, जवळजवळ एक चतुर्थांशच. पक्षी कमी, म्हणून सरडे वाढले, दाटीवाटीनं. त्यांच्या रक्तातलं भीतीचं रसायन कमी झालं. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. पण दाटीमुळे अंगानं वाळके झाले, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले. मी त्या सरड्याकडे वाकून बघत होते आणि तो खरंच पळत नव्हता. हा फिका रंग असेल तर आधीचा कसला असेल, असं मनात आलं. कुणाचंही गाव न उठवता फिरणारा पंखा, म्हणून मी आजीला इथं आणलं होतं की काय कुणास ठाऊक. गाव तर उठलं होतं, फक्त ते घारींचं होतं.

आजीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती पठाराच्या कडेला पोहोचली होती, लेकाच्या हाताला धरून. खाली, खूप खाली, शिवसागराचं पाणी पसरलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठाला तांबूस मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, ताटाला आमटीची कड राहावी तसा. त्या पट्ट्यात कुठं कुठं जोती दिसतात, देवळाचे दगड दिसतात असं म्हणतात, पण एवढ्या उंचीवरून काही कळणं शक्य नव्हतं. आजीला तसंही डोळ्यांनी कमी दिसतं. ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. मी पर्समधून रुमालही काढून ठेवला. तिनं हातानं एक दिशा दाखवली, मग बदलली, मग परत पहिली दाखवली. "आमचं घर त्या सोंडंच्या पल्याड," म्हणाली, "न्हायतर अल्याड." आणि मग, "पानी लई खाली गेलंय रं. औंदा लाईटीचं कसं व्हायाचं?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. साठ वर्षं झाली आणि ती या धरणाची मालकीण झाली आहे. गाव दिल्यावर माणूस निदान पाण्याची काळजी करायचा हक्क तरी कमावतो, की काळजी हा गाव परत मागायचाच एक प्रकार आहे, मला ठरवता येत नाही.

खाली उतरताना गाडीत मी तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. आमच्या सहा पॅनलांपायी कुणाचं गाव उठलं? तशी सरळ रेघ काढता येत नाही. पॅनल म्हणजे मुळात गारगोटी. ती भट्टीत कोळशाबरोबर वितळवून सिलिकॉन काढायचं, ते शुद्ध करायचं, कापायचं, चांदीच्या रेघा ओढायच्या. म्हणजे त्यातही कुठल्या तरी रानाचा बुडीत कोळसा आहेच. पण ते कर्ज पॅनल एक-दोन वर्षांत फेडून टाकतो आणि मग वीस-पंचवीस वर्षं देत राहतो. कोळशाला हे कधीच जमणार नाही, त्याला रोज नवं कर्ज काढावं लागतं. गच्चीवरच्या पॅनलला जमीनही लागत नाही. गच्ची आमची, सावली आमची. आजीला सांगण्यासारखं हे एक प्रामाणिक उत्तर होतं. पण मग मला विखरण आठवलं. धुळे जिल्ह्यातलं. २०१८ च्या जानेवारीत तिथले एक म्हातारे शेतकरी मंत्रालयात येऊन विष प्यायले आणि आठवड्याभरात गेले. वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीचा मोबदला मागत ते खेटे घालत होते. आधी तिथं कोळशाचा प्रकल्प म्हणून हालचाल सुरू झाली होती, मग सौर ठरला. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर इंधन बदललं, रांग तीच राहिली. टाटांच्या वीजधरणात जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागं 'जान किंवा जमीन' म्हणत १९२१ मध्ये जे विचारलं होतं, ते शंभर वर्षांनी सूर्याच्या नावानं परत विचारावं लागलं. सूर्याला गाव नसतं हे त्या पोराचं म्हणणं खरंच आहे. पॅनल ठेवायला मात्र कुणाचं तरी शिवार लागतं, गच्च्या सगळ्यांना पुरत नाहीत.

आणि रात्रीचं काय, हा बाबांचा मुद्दा. बाबांना या पॅनलांचं मनापासून कौतुक आहे. रोज संध्याकाळी ते इन्व्हर्टरचा आकडा डायरीत टिपतात, तारीख, युनिट, आभाळाची स्थिती, असे रकाने आखून. एप्रिलमध्ये दिवसाला तेरा युनिटं पडली तेव्हा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पण खात्यातल्या माणसाची खोड जात नाही. ते म्हणतात, तुमचा सूर्य साडेसहाला घरी जातो, आणि सातला अख्खा महाराष्ट्र दिवे लावतो, टीव्ही लावतो, कुकर-मिक्सर सुरू होतात. तो चढ कोळशाच्या संचाला झेपत नाही. त्याला तापायला-थंडावायला तास लागतात, बैलगाडीचं घोडं करता येत नाही. पाण्याचा संच मात्र काही मिनिटांत उभा राहतो. म्हणून कोयना राखून ठेवायची ती संध्याकाळसाठी. हल्ली सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची फार चर्चा आहे. दिवसा सौर विजेनं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. बाबा नकाशावर हात ठेवून सांगतात, वर एक तळं, खाली एक तळं. त्यांचं बोट नकाशावर जिथं टेकतं तिथं काय आहे हे मी विचारत नाही. तिथं बहुधा झाडी असेल, एखादी वाडी असेल, दहा-बारा घरांची.

मी हे सगळं आजीला एकदा सोपं करून सांगितलं. उत्तर द्यायचं राहिलं होतं म्हणून. दिवसभर आपले पॅनल, आणि दिवस मावळला की तारेतून येते त्यात कोयनेचंही पाणी असतं, तुझ्या गावावरचं. बाबा मध्येच म्हणाले की तारेत एकदा वीज शिरली की ती कुणाची हे राहत नाही, दहा बायांनी हौदात घागरी ओतल्यावर पाणी कुणाचं ते सांगता येत नाही तसं. आजीला ते पटलं नाही. "आपल्या घागरीचं पानी बाईला वळखू येतं," ती म्हणाली.

कुरडया त्या वर्षी दोन दिवस उशिरा वाळल्या. उत्तरेच्या कोपऱ्यात दुपारनंतर टाकीची सावली येते. थोड्या लालसर झाल्या, तळल्यावर नेहमीसारख्या फुलल्या नाहीत. यावर आजी काही बोलली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठं घालायच्या याचा विषय अजून कुणी काढलेला नाही. पॅनलांवरची धूळ मी दर रविवारी पाण्यानं धुते. बोट फिरवून बघायची सवय आईकडून आलेली आहे, बोटावर इथं साधी रस्त्याची तांबूस माती येते.

पहिलं शून्याचं बिल आलं तेव्हा बाबांनी त्याची झेरॉक्स काढली. आजीनं ते बिल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिलेला मात्र तिला अजूनही चालत नाही. शून्य बिल आहे, जळू दे, असं लेक म्हणतो, ती ऐकत नाही. जिन्याच्या भिंतीवर इन्व्हर्टर आहे. दिवस मावळताना, पावणेसातच्या सुमाराला, त्यातून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि हिरवा दिवा जातो. टीव्हीच्या आवाजात तो आम्हाला कुणाला ऐकू येत नाही. तिला येतो. माळ बाजूला ठेवते.

"लागलं गाव कामाला," म्हणते, आणि भिंतीला धरून उठते, मधल्या खोलीतला दिवा मालवायला.